एक इंच खाली

३ ऑगस्ट

मिस रेनी म्हणाली, "मिसेस स्टार्चर, रोज वहीत लिहीत जा. आज हॉबर्टनी कुठला नवा शब्द उच्चारला, एवढंच. दोन ओळी पुरेत." मी म्हटलं, दोन ओळींत आटपणाऱ्यांतली मी नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म घालवला, तिथे बटाट्यांबद्दलची माझी तक्रारसुद्धा पानभर व्हायची. ती हसली. चांगली पोरगी आहे, पण इतकी बारीक की खायला घालावंसं वाटतं. हॉबर्टला पुन्हा बोलायला शिकवायला आठवड्यातून एकदा शहरातून येते आणि हॉबर्टसमोर चित्रांचे पत्ते मांडते. कप, चमचा, खुर्ची, दार, कुत्रा.

एप्रिलमध्ये हॉबर्टला, माझ्या नवऱ्याला, मेंदूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय रेंगाळतात, काठी लागते. ते एक वेळ चालेल, पण त्याची वाचा गेली. सगळे शब्द गेले आणि एकच मागे राहिला, भोपळा. पाणी हवं? भोपळा. दुखतंय का? भोपळा. कुत्र्याचं चित्र दाखवलं तरी भोपळा. मिस रेनी म्हणते, डोक्यातल्या कपाटाचं दार अडकलंय आणि हाताला एकच वस्तू लागतेय, तिला काही अर्थ नसतो.

गंमत अशी की आमच्या खोऱ्यात नवरे बायकांना लाडाने भोपळा म्हणतात. हॉबर्टचा मित्र डेल्मर त्याच्या बायकोला चारचौघांत म्हणतो आणि ती साठी उलटली तरी लाजते. हॉबर्टने मला जन्मात कधी म्हटलं नाही. तो नेव्हा म्हणायचा, आणि भडकला की नेव्हा जून. आता दिवसभर भोपळा भोपळा चाललेलं असतं, पण ते मलाही, टीव्हीलाही आणि पायमोज्यालाही.

नवा शब्द: नाही.

९ ऑगस्ट

कोलंबसहून ट्रीना आली. लेक माझी गुणाची आहे, पण डोळ्यांत कायम हिशेब. जेवताना म्हणाली, "मम्मी, पप्पांच्या सायक्लोन गाडीला गिऱ्हाईक आलंय. रोख देतोय. उगाच कोठारात गंजत पडायची ती."

हॉबर्ट शेजारीच बसला होता. त्याने चमचा खाली ठेवला.

"आणि तुम्ही दोघं आमच्याकडे चला. एक मजली घर बघून ठेवलंय. जिने नाहीत, डोंगर नाहीत." डोंगर नाहीत हे ती चांगली गोष्ट म्हणून सांगत होती! "पप्पा एप्रिलपासून घराबाहेर पडलेत का, सांग बरं. दवाखाना सोडून?"

पडलेला नाही. चर्चला येत नाही, पडवीत बसत नाही. कोणी मित्र आला की भिंतीकडे तोंड करून बसतो. तीस वर्षं ज्यांच्याबरोबर गाड्यांखाली लोळला त्यांच्यासमोर भोपळा म्हणायची त्याला लाज वाटते, हे मला कळतं. पण ट्रीनाने ते असं ताटात वाढावं, याचा मला राग आला. आणि राग आला की माझी जीभ माझं ऐकत नाही.

"ऑक्टोबरात बकहॉर्न डोंगरावर जुन्या गाड्यांची फेरी असते ना," मी म्हटलं, "तुझा बाप सायक्लोनमध्ये बसून वर जाईल. सगळ्यांसमोर. नाही गेला तर गाडी वीक, आणि आम्हाला ने तुझ्या त्या सपाट गावात."

"खरंच म्हणतेस, मम्मी?"

"मी कधी खोटं म्हटलंय?"

हॉबर्ट म्हणाला, "भोपळा." पण असा म्हणाला की मला जरा टोचलंच. आपण काय बोलून बसलो ते आता अंथरुणात पडून कळतंय.

नवा शब्द: नाही.

१० ऑगस्ट

सायक्लोन काढली. अडुसष्ट सालची, लाल, इंजिन असं की सुरू केलं की शेजारच्या कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतात. इंजिनाचं काही म्हणणंच नाही. पण पुढचा भाग! वळणावर अशी कलते की जणू भरलेली गवताची गाडी. हॉबर्टला शेजारी बसवलं आणि चर्चच्या वळणापर्यंतच गेले. गाडी कलली, हॉबर्ट पांढरा पडला, दोन्ही डोळे मिटले आणि सकाळचे पॅनकेक त्याच्या मांडीवर. झटक्यापासून त्याचं डोकं गरगरतं, जरा हललं तरी.

घरी आल्यावर तो गाडीच्या दारापाशी उभा राहिला, छपरावर हात ठेवला आणि आत निघून गेला. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

म्हणजे गाडी कलायची थांबली पाहिजे. "पुढच्या वर्षी पुढचा भाग करतो, नेव्हा," हे मी लग्नापासून ऐकत आलेय. कोठारातल्या बाकाखाली बघितलं तर खोकीच्या खोकी. धक्के झेलणारे नवे शॉक, सांध्यांतले रबरी बुश, भंगारातल्या पोलीस गाडीचा कलणं रोखणारा जाडजूड आडवा दांडा, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांसाठी जादा पाटी. सगळं वर्षानुवर्षं एकेक करून जमवलेलं, कधी एक जॅकेट कमी घेऊन, कधी सुट्टीला न जाऊन. सामान सगळं आहे, बसवणारा नाही.

१४ ऑगस्ट

डेल्मर आला. हॉबर्टने लगेच खुर्ची भिंतीकडे वळवली. डेल्मरने त्याच्या पाठीकडे बघून हॅट काढली आणि पडवीत येऊन बसला.

"मी करून देतो गं," तो म्हणाला. "दोन शनिवारचं काम."

"तू कोठारात असलास तर तो यायचाच नाही."

"मग कोण करणार?"

"मी."

"तू! तुला पाना आणि पळी यातला फरक कळतो का?"

"शाळेतलं ते पीठ मळायचं यंत्र कोण दुरुस्त करायचं, तुझा बाप?"

तो हसत हसत पायऱ्या उतरला आणि संध्याकाळी स्प्रिंग आवळायचं अवजार पडवीत ठेवून गेला. त्यावर चिठ्ठी, 'दाबलेल्या स्प्रिंगसमोर तोंड नेऊ नकोस. तुझं तोंड बंद झालं तर खोऱ्यात बातम्या कोण देणार.' मेला.

नवा शब्द: नाही.

१९ ऑगस्ट

आज सुरुवात केली. गाडी जॅकवर घेतली, खाली आधाराच्या घोड्या लावल्या, तीनदा हलवून बघितली. हॉबर्टला घडीच्या खुर्चीवर कोठारात आणून बसवलं आणि त्याच्या डाव्या हातात टॉर्च दिला.

"चाळीस वर्षं मी धरला," मी म्हटलं, "आणि चाळीस वर्षं बोलणी खाल्ली. आता तू धर."

त्याने धरला. छपराकडे. मी म्हटलं, "टॉर्च नीट धर, हॉबर्ट." त्याच्या तोंडून जे आलं ते ऐकून माझ्या हातातला पाना पडला. भोपळा नव्हे. सहा-सात शिव्या, एकामागून एक, स्पष्ट, अगदी सुरात. त्यातली शेवटची तर मी त्याच्या बापाच्या तोंडून ऐकली होती, गाय विहिरीत पडली तेव्हा.

शिव्या वहीत धरायच्या का? बराच विचार केला. मिस रेनी कोवळी पोरगी आहे आणि वही ती वाचते. आणि आम्ही मेथडिस्ट चर्चची सोवळी माणसं आहोत. धरायच्या नाहीत.

नवा शब्द: नाही.

२३ ऑगस्ट

मागची बाजू. जुने शॉक काढले, हाताने दाबले तर ढिम्म वर येत नाहीत. एक बोल्ट गंजून असा बसला होता की मी त्याच्यावर अक्षरशः लटकले. अर्धा इंची पाना लावत होते. मागून आवाज, "नऊ-सोळांश."

नऊ-सोळांश लावला. बसला. बोल्टवर तेल सोडून पुन्हा जोर केला तर मागून, "थांब." थांबले. तेल मुरू दिलं. मग सुटला.

आकडे शब्दांत धरत नाहीत असं माझं मत आहे, कारण आकडे मोजायचे असतात, बोलायचे नाहीत. आणि थांब हा काही शब्द नाही, हुकूम आहे. असले हुकूम तो झोपेतही सोडायचा. रात्री पत्ते मांडले. कप, भोपळा. चमचा, भोपळा. खुर्चीचं चित्र त्याने माझ्या अंगावर फेकलं.

नवा शब्द: नाही. प्रगती कशी होणार, देव जाणे.

३० ऑगस्ट

पाठ धरली. गरम पाण्याची पिशवी घेऊन पडले. हॉबर्टने पलंगापाशी येऊन डाव्या हाताने माझ्या पायांवर पांघरूण टाकलं, तेही वाकडं.

आज खरं लिहिते. मला भीती वाटते. ही गाडी नीट केली आणि तो बसलाच नाही तर? आता कोठारात येतो, बसतो, ओरडतो. पण कुणाची गाडी फाटकाशी थांबली की लगेच उठून घरात. मी एकटी डोंगरावर जाऊन काय करू, सगळ्यांना पेपरोनी भरलेले पावाचे रोल वाटू?

२ सप्टेंबर

मागची जादा पाटी बसली. मागचा भाग उंचावला, आता गाडी नाक खाली घालून उभी आहे, वास घेणाऱ्या कुत्र्यासारखी. पुढचा आडवा दांडाही बसला, त्याची रबरं मात्र साबण लावून सरकवावी लागली. साबणाची युक्ती माझी. हॉबर्टने मान डोलावली. त्याने माझ्या कामावर मान डोलावल्याचं हे पहिलंच उदाहरण.

७ सप्टेंबर

आता राहिलं ते खरं काम. ज्याचं सामान विकत घ्यावं लागत नाही.

पुढच्या चाकाला वर धरणारा जो आर्म असतो, तो गाडीच्या आतल्या भिंतीला दोन बोल्टांनी बसवलेला असतो. तो तिथून काढायचा आणि इंचभर खाली नवी भोकं पाडून तिथे बसवायचा. बस. एवढ्याने वळणावर चाक सरळ उभं राहतं. हॉबर्ट सगळ्यांना सांगायचा, "याला पैसा लागत नाही, छाती लागते." त्याची छाती काही झाली नव्हती. त्या गाडीला भोक पाडायचं म्हटलं की पुढचं वर्ष यायचं.

बाकाच्या खणात त्याने मक्याच्या पोह्यांच्या खोक्यातून कापलेला पुठ्ठा सापडला. त्यावर त्याचं अक्षर, 'एक इंच खाली. अष्टमांश मागे.' पूर्वीचं अक्षर, बैलासारखं ठाम. हॉबर्टने तो हातात घेऊन त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. मग मला दिला.

स्प्रिंग आवळताना मी बाजूला उभी राहिले, डेल्मरच्या चिठ्ठीप्रमाणे. स्प्रिंग निघालं. डावीकडच्या भिंतीला पुठ्ठा लावला, खुणा केल्या, आधी बारीक ड्रिल, मग मोठं. लोखंडाचा कीस माझ्या केसांत. मी प्रार्थना म्हणत म्हणत भोकं पाडली. आर्म लावला, बोल्ट आरपार गेले. लोण्यासारखे! मी नाचले. हॉबर्टने टॉर्च माझ्यावर धरला, नाटकातल्यासारखा.

नवा शब्द: नाही.

१२ सप्टेंबर

आज मी त्या माणसाशी बोलणार नाही. वहीशी बोलते.

उजवी बाजू घेतली. एक बाजू जमली होती, त्यामुळे हात सैल झाला होता. भिंतीला पुठ्ठा लावला, खुणा केल्या, ड्रिल उचललं. मागून सुरू, "भोपळा! भोपळा!" मी म्हटलं, गप बस, मला येतं आता. तर "उलटं! उलटं!" मला वाटलं ड्रिल उलटं फिरतंय. बटण दाबून दिशा बदलली. तर आणखीच जोरात, "उलटं, गाढवीच्या—" आणि पुढे जे म्हणाला ते लिहिण्यासारखं नाही. मीही हट्टीच. ड्रिल पुन्हा सुलटं केलं, भिंतीला टेकवलं, बटण दाबलं. ड्रिल फिरेना!

वळून बघते तर साहेब कोठाराच्या भिंतीपाशी उभे, हातात वायर, प्लग उपटलेला. मी म्हटलं, "हॉबर्ट स्टार्चर, तुला वेड लागलंय का?" त्याने पुठ्ठा माझ्या हातातून ओढला, उलटा केला, दुसऱ्या तोंडाने भिंतीला लावला.

पुठ्ठा एका बाजूचा कापलेला. दुसऱ्या बाजूला तो पालथा करून लावायचा, नाहीतर अष्टमांश मागे जायच्या ऐवजी पुढे जातो. धिरडं उलटवायला मी जगाला शिकवलंय, आणि पुठ्ठा उलटवायचं विसरले. चूक माझी. पण म्हणून प्लग उपटायचा? सांगता आलं नसतं का?

भोकं बरोबर पडली. त्याला रात्री नुसतं सूप दिलं.

नवा शब्द: नाही.

१३ सप्टेंबर

मिस रेनी आली. तिने वही वाचली, आज सगळी; एरवी नुसती शेवटची 'नवा शब्द'ची ओळ बघते. मी स्वयंपाकघरात कॉफी करत होते, तिचा आवाज काही येईना. बाहेर आले तर ती वहीवर बोट ठेवून बसलेली.

"मिसेस स्टार्चर, तुमचे मिस्टर बसले होते कुठे?"

"गाडीच्या त्या बाजूला. खुर्चीत."

"आणि प्लग?"

"या बाजूच्या भिंतीत."

"काठी?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि काठी आठवली. काठी खुर्चीला अडकवलेली होती. मी रात्री तीच उचलून घरात आणली होती.

"मग ते तिथपर्यंत गेले कसे?" मिस रेनी म्हणाली.

मी कॉफीची किटली खाली ठेवली. हॉबर्ट खिडकीतून बाहेर बघत होता, त्याचे कान लाल झाले होते.

मग त्या पोरीने मला समोर बसवलं आणि पेन्सिलीने माझ्या वहीत एकेक शब्दाखाली रेघ ओढली. थांब. उलटं. नऊ-सोळांश. "आणि शिव्या?" तिने विचारलं. मी सांगितल्या, हळू आवाजात. ती लालही झाली नाही. म्हणाली, "हे सगळे शब्द आहेत, मिसेस स्टार्चर. यांची चित्रं पत्त्यांवर नाहीत, एवढंच." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसतही होती. जाताना पत्ते घेऊनच गेली. म्हणाली, "कोठारात जात राहा."

मी हॉबर्टला रात्री मटण, ग्रेव्ही, मक्याचा पाव आणि गोड पीच-पाय वाढली. जवळजवळ महिनाभर मी त्याचं बोलणं ऐकत होते आणि ऐकलंच नव्हतं. रडू आलं. आता थांबते.

नवे शब्द: पानभर आहेत. उद्या नीट लिहीन.

२५ सप्टेंबर

नवे शब्द: घट्ट, सैल, ग्रीस, हात पूस, सायक्लोन, ट्रीना, अजून पीच-पाय आहे का.

चार चाकं जमिनीवर. अलाइनमेंटवाल्याने शहरात पुढची चाकं सरळ करून दिली, म्हणाला, "पुढचं काम कोणी केलं?" मी म्हटलं, "का, काय झालं?" म्हणाला, "काही नाही, चांगलं केलंय." मी पुढचा रस्ताभर गात आले.

एक गोष्ट लिहू की नको. सगळ्यांची नावं यायला लागली. काल कुत्र्याचं नावसुद्धा आलं, आणि तो कुत्रा मरून सहा वर्षं झाली. मला मात्र अजून भोपळाच. "नेव्हा म्हण," मी म्हटलं. माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "भोपळा." मी म्हटलं, असू दे. माझं नावच अवघड असेल.

५ ऑक्टोबर

तो गाडीत बसायला तयार नाही. काठी टेकत येऊन दार उघडतो, आतल्या सीटकडे बघतो, बंद करतो. मी म्हटलं, आता कलत नाही, मी स्वतः चालवून बघितलीय, उकडलेलं अंडं डॅशबोर्डवर ठेवून चर्चचं वळण घेतलं, जरा डुगडुगलं फक्त. मान हलवतो. "ते... सगळे," म्हणाला. बस, तेवढंच. सगळे काय, ते मला कळलं.

दुपारी डेल्मर आला. हॉबर्ट कोठारातच होता, पळायला जागा नव्हती. खुर्चीत तसाच बसला, जमिनीकडे बघत. डेल्मर त्याच्याकडे न बघता गाडीखाली वाकला आणि म्हणाला, "नेव्हा, दांडा उलटा बसवलायस."

मीही खाली वाकले. "उलटा?"

"उलटा. आणि हा बोल्ट इथला नाहीच. एकूण बायकी काम."

मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून, "नाही." आम्ही दोघं वळलो. हॉबर्ट उभा राहिला होता. "नाही, डेल्मर. बरोबर... बसवलाय. तुला कधी... कळलंय?"

डेल्मर म्हणाला, "माझं काय चुकलं ते सांग की मग." आणि हॉबर्ट सांगायला लागला. अडखळत, मध्ये भोपळा, मध्ये शिवी, एका बोल्टला दोनदा कुत्रा म्हणाला. डेल्मर मान डोलावत होता. तासभर चाललं. पण मला डेल्मरचा भयंकर राग आला आहे. आयुष्यभर गाड्यांत घालवून त्याला दांडा सुलटा की उलटा कळत नाही, आणि वर बायकी काम म्हणतो! जाताना माझ्याकडे बघून डोळा मिचकावला, निर्लज्ज.

नवे शब्द: नाही, बरोबर, डेल्मर, तुला कधी कळलंय.

११ ऑक्टोबर

ट्रीना आली. गिऱ्हाईकही उद्या डोंगरावर येणार आहे, गाडी बघायला. मी हॉबर्टला विचारलं, उद्या येशील? त्याने बूट पॉलिश करायला घेतले. डाव्या हाताने. याचा काय अर्थ घ्यायचा मला कळत नाही. रोल भाजून ठेवलेत. एकटीने जायचं झालं तरी जाईन.

१२ ऑक्टोबर

सकाळी मी केस विंचरत होते तर बाहेर हॉर्न. एकदा, दोनदा, मग लांबच लांब. खिडकीतून बघितलं तर हॉबर्ट सायक्लोनमध्ये, माझ्या सीटच्या शेजारी बसलेला, अंगावर चर्चचा कोट, आणि डावा हात लांब करून हॉर्न दाबतोय. मी अर्ध्या केसांनिशी धावले. ट्रीना मागच्या सीटवर रोलांचा डबा मांडीवर घेऊन.

डोंगराला लागलो. वर जाताना एक वळण आहे, सैतानाचं कोपर म्हणतात त्याला, तिथे गाड्या नेहमी लांब लांब ओळीने हळू जातात. तिथे येईपर्यंत हॉबर्टचा हात डॅशबोर्डवर घट्ट होता, बोटं पांढरी. मी स्टिअरिंग वळवलं. गाडी वळली आणि सपाट राहिली. खिडकीबाहेर लाल पिवळी झाडं फिरली, गाडी फिरली, पण आम्ही जिथल्या तिथे. रोलांचा डबासुद्धा हलला नाही. मी तिरक्या नजरेने बघितलं. हॉबर्टचा हात डॅशबोर्डवरून खाली आला होता आणि त्याचे डोळे उघडे होते.

"हळू?" मी विचारलं.

"जोरात," तो म्हणाला.

तर मी जोरात नेली! ट्रीना मागून "मम्मी!" म्हणून किंचाळली आणि मग हसायलाच लागली, लहानपणी हसायची तशी. तिला असं हसताना मी किती वर्षांनी ऐकलं.

वर पठारावर सगळ्या गाड्या लागलेल्या. माणसं सायक्लोनभोवती जमली आणि हॉबर्टला बघून, डोळ्याला डोळा न देता, गाडीचीच चौकशी करायला लागली. तो काठी टेकून उतरला. गिऱ्हाईक गाडीखाली वाकून बघत होता. डेल्मर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काय रे हॉबर्ट, कोपर घेतलं तेव्हा पानसुद्धा हललं नाही म्हणे. पुढचं काम कुणी केलं?"

हॉबर्टने काठी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली, डाव्या हाताने माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "भोपळ्यानी."

कोणी बुटांकडे बघायला लागलं, डेल्मरच्या बायकोने तोंडावर हात ठेवला. आज, इथे, या सगळ्यांसमोर तोच शब्द अडकला. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "राहू दे, हॉबर्ट. चल, रोल खाऊ."

त्याने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी दोन पावलं मागे सरकले. "नेव्हा जून," तो म्हणाला. स्पष्ट. एकही अक्षर अडलं नाही. "मला येतं."

मग तो सगळ्यांकडे वळला आणि एकेक शब्द नीट लावत म्हणाला, "भोपळ्यानी केलं. माझ्या."

डेल्मरची बायको आधी हसली की आधी रडली, मला सांगता यायचं नाही. मी लाजले. या वयात, अर्ध्या विंचरलेल्या केसांनी, सगळ्या खोऱ्यासमोर मी लाजले. तो किती दिवसांपासून मला खरंच भोपळा म्हणत होता, कुणास ठाऊक. विचारलं तर नुसता खांदा उडवतो.

गिऱ्हाईक उठून हात झाडत म्हणाला, "गाडी उत्तम आहे, मी घेतो." ट्रीना म्हणाली, "सॉरी, विकायची नाही." मग बापाकडे बघून, "ना पप्पा?" हॉबर्टने तिला उत्तर म्हणून एक रोल दिला.

उतरताना मी कोपर पुन्हा घेतलं. त्याने दोनदा "जोरात" म्हटलं. आत्ता खुर्चीत बसल्या बसल्या झोपलाय, कोट न काढता.

मिस रेनीला दाखवायचं आहे म्हणून पुढचं नीट अक्षरात लिहिते.

आजचा नवा शब्द: भोपळा.